नव्वदपर्यंत मोजा

३ मार्च

निवडणाऱ्या, धुणाऱ्या, वाफवणाऱ्या आणि वाळवणाऱ्या माझ्या बायांनो,

आपल्या हातचं काम चांगलं की वाईट हे ज्या कागदावर ठरतं, तो कागद आपल्यापैकी एकीनंही आजवर पाहिलेला नाही. पान आपण हाताळतो, त्याच्याबद्दल वाचतात दुसरे. आपल्याला फक्त निकाल कळतो, तोही दारावर चिकटवलेल्या सूचनेतून. या वेळची सूचना सगळ्यांनी वाचली आहे. एक जूनला वाफेची पेटी भंगारात. का, ते कुणी सांगणार नाही. विचारायचं मात्र आपण सोडणार नाही.

थेंब्या, इथवर लिहिलं आणि अडले. हे पत्रक मला वाळवणघरात जेवणाच्या सुट्टीत उभं राहून वाचायचं आहे. आवाज माझ्याकडे आहे, लहानपणी तूच मला भोंगा नाव ठेवलंस. आकडे तुझ्याकडे आहेत. मावसभाऊ प्रयोगशाळेत असून मी नुसत्या आवाजावर लढायचं म्हणजे लाजच आहे.

काय झालंय ते नीट सांगते. आमच्याकडून वाळलेला पालक आणि मुळ्याचा पाला शाळांच्या स्वयंपाकघरात जातो. तिथे तो पोरांच्या जेवणात पडतो. पान वाळवण्याआधी त्याला वाफ द्यायची, ही पद्धत तुझ्या आईनं, म्हणजे माझ्या मावशीनं, तीस वर्षांपूर्वी इथे सुरू केली. जाळीच्या ट्रेवर पान पातळ पसरायचं, ट्रे पेटीत सरकवायचा, झाकण पाडायचं आणि आम्ही अकरा जणींनी एका सुरात मोठ्यानं नव्वद मोजायचं. नव्वदला झाकण वर, ट्रे पंख्यापुढे, गार झाला की वाळवणीच्या कपाटात. भिंतीवर घड्याळ नाही आणि आम्हाला ते कधी लागलंही नाही.

मॅनेजरसाहेबांनी हिवाळ्यापासून शेजारी कढई मांडली आहे. उकळतं पाणी, त्यात मूठभर सोडा, पान दहा मिनिटं बुडवायचं. बाहेर येतं ते लग्नाच्या मांडवातल्या झालरीसारखं हिरवंगार. लवकर वाळतं, पाकिटात उठून दिसतं. आमचं पान त्याच्यापुढे शेवाळी दिसतं, खरं आहे. साहेब म्हणतात, "कढईचं पान लॅबनं पास केलंय. तुमची पेटी म्हणजे वेळेचा खोळंबा. आणि अकरा बाया आकडे ओरडतात तो काय बाजार आहे?"

दोन पाकिटं पाठवते आहे, दोन्ही जानेवारीत भरलेली. लाल दोरा बांधलेलं आमचं, पांढरा दोरा कढईचं. कुठल्या पानात किती सत्त्व उरलंय ते मोज आणि मला लिहून दे. निकाल काय येणार हे मला ठाऊक आहे. मला फक्त तुझी सही हवी आहे.

मावशीला सांग, तिची पेटी मी माझ्या डोळ्यांदेखत भंगारात जाऊ देणार नाही.

तुझी ताई

*

१७ मार्च

ताई,

पाकिटं पोचली. दोऱ्यांसकट.

आधी एक अडचण. आमच्याकडे नमुना रीतसर अर्ज आणि शिक्का घेऊन येतो, टपालातून बहिणीकडून येत नाही. तरी मी जेवणाच्या सुट्टीत थोडं थोडं करतो आहे. वेळ लागेल. सही मागू नकोस. अजून आकडेच आलेले नाहीत.

दुसरं, तुझ्या पत्रकाबद्दल. पुढे तू काय लिहिणार आहेस ते मला ऐकू येतंय. "सोडा म्हणजे विष," असं लिहिणार असशील तर खोड. सोड्यानं पान हिरवं राहतं, हे खरं आहे आणि त्यात विष नाही. भाजी शिजवताना पुष्कळ लोक चिमूटभर टाकतात. प्रश्न वेगळाच आहे. उकळत्या पाण्यात पान दहा मिनिटं राहिलं की त्यातलं पाण्यात विरघळणारं सगळं पाण्यात उतरतं, आणि सोडा असला की क जीवनसत्त्व आणखी झपाट्यानं मोडतं. पण हे सगळीकडचं झालं. तुमच्या कढईचं नेमकं काय, ते मोजल्यावर कळेल.

आणि "आमचं पान सगळ्यात सकस" हे वाक्यसुद्धा तूर्त बाजूला ठेव. कृपा कर.

आई मजेत आहे. दिसतं कमी, बोलते तितकीच. तुझं पत्र वाचून दाखवल्यावर म्हणाली, "त्या मॅनेजरला म्हणावं, आकडे ओरडत होतो म्हणून तीस वर्षं कुणाचं पान करपलं नाही."

तुझा
थेंब्या

*

२५ मार्च

थेंब्या,

तुझं पत्र गुळगुळीत आहे. "सगळीकडचं झालं." "तूर्त बाजूला ठेव." हात न लावता भांडं उचलायची ही कला तू कुठे शिकलास, ते आज मला कळलं.

काल साहेबांनी सगळ्यांना अंगणात उभं केलं आणि प्रयोगशाळेचा कागद हवेत फडकावला. "हा बघा पुरावा!" मी पुढे होऊन म्हटलं, "बघा म्हणालात ना, मग द्या बघायला." सगळ्यांसमोर त्यांना नाही म्हणता येईना. तीस वर्षांत या वाळवणघरातल्या बाईच्या हातात पहिल्यांदा तो कागद आला. मी तो मोठ्यानं वाचला.

रंग: उत्तम. ओलावा: मर्यादेत. रेती: नाही. जंतू: मर्यादेत. वास: योग्य.

संपलं! पाच ओळी. पोरांच्या पोटात काय जाणार याबद्दल एक अक्षर नाही. माणसाची तब्येत बघायला यावं आणि त्याच्या शर्टाचा रंग लिहून जावं, तसा कागद. मी तेच म्हटलं, तशी आमची मिरची, धुण्याच्या टाकीवरची, खिदळली. साहेबांच्या नाकाला झोंबलं.

मग मी खाली सही बघितली.

सही कसली, फराटा. एक वाकडी रेघ, तिला शेपूट आणि शेपटाखाली तीन ठिपके. असा फराटा मी आयुष्यात एकाच माणसाच्या वहीवर पाहिला आहे. तो माणूस तेव्हा तिसरीत होता आणि मावशीचं औषध चमच्यात थेंब मोजून ओतायचा. एक थेंब जास्त पडला तर रडायचा. म्हणून तर आम्ही त्याला थेंब्या म्हणायला लागलो.

मी तो कागद घडी घालून साहेबांच्या हातात परत दिला. भोंगा बंद पडला म्हणून बाया माझ्याकडे बघत राहिल्या. मी कुणाला काही सांगितलेलं नाही.

आता तू सांग. थेंब मोजून रडणाऱ्या पोरानं पाच ओळींवर सही केली कशी?

ताई

*

६ एप्रिल

ताई,

तो फराटा माझाच आहे.

कढईचं पान माझ्याकडे डिसेंबरात आलं. अर्जावर पाच गोष्टी मागितल्या होत्या, मी पाच मोजल्या. पण पान हातात असताना सहावी मोजल्याशिवाय मला राहवलं नाही. क जीवनसत्त्व पाहिलं. जवळजवळ शून्य. प्रमुखांना दाखवलं. ते म्हणाले, "मागितलंय का? नाही ना? मग ओळ कुठून आणणार?" मी तो आकडा माझ्या वहीत लिहिला आणि वही मिटली. फॉर्मवर ओळ नव्हती, हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ते उत्तर मला पुरेसं वाटलं, ही माझी चूक. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच मला सगळं समजलं होतं. तेव्हा मी "वेळ लागेल" असं लिहिलं.

तू मला जे म्हणायचं ते म्हण. पण पुढचं वाचल्याशिवाय पत्र फाडू नकोस, कारण पुढचं तुला जास्त झोंबणार आहे.

तुझ्या पाकिटांचे आकडे आले. ताज्या पानात शंभर भाग होते असं धर.

क जीवनसत्त्व: लाल दोऱ्यात बावीस, पांढऱ्यात जेमतेम दोन. इथे तू जिंकलीस.

कॅरोटीन, म्हणजे ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, पोरांच्या डोळ्यांसाठी जे सगळ्यात महत्त्वाचं: पांढऱ्या दोऱ्यात एकसष्ट. लाल दोऱ्यात अडतीस.

हो, तुमच्यात अडतीस. मी तीनदा मोजलं.

कारण सांगतो. पान खुडलं म्हणून मरत नाही. त्याच्या आत विकरं, म्हणजे एन्झाइम, असतात, ती जागी असतात. पान पाकिटात बंद केलं तरी ती आतून पानाला खात बसतात. सत्त्व जातं, रंग जातो, गवताचा वास येतो. पुरेशी गरम वाफ मिळाली की विकरं कायमची झोपतात. म्हणून तर वाळवण्याआधी वाफ द्यायची. ती अपुरी पडली तर पानाला तापही भोगावा लागतो आणि विकरंही जागी राहतात. दोन्हीकडून नुकसान.

तुमचं पान जागं आहे, ताई.

मला पटेना. आईची पद्धत मी ऐकून आहे. काल तिला जेवणाच्या टेबलाशी बसवलं आणि कारण न सांगता म्हटलं, "आई, पेटीवर मोजायचीस तसं मोजून दाखव." तिनं मोजलं. आकडा म्हणायची आणि मग तळहातानं टेबलाच्या कडेला एक थाप द्यायची. आकडा, मग थाप. आकडा, मग थाप. मी हातातल्या घड्याळावर बघत होतो. आईचे नव्वद म्हणजे शहाण्णव सेकंद.

तुमचे किती? कुणाचं तरी घड्याळ घेऊन बघ.

आणि माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, तो मी गमावलाय. स्वतः तपास. जखम धुवायला औषधाच्या दुकानात हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं, लहान बाटली. पेटीतून निघालेलं पान गार होऊ दे, कुस्कर, बशीत ठेव, वर दोन थेंब टाक. पान जागं असेल तर फेस येईल. झोपलं असेल तर थेंब नुसता पडून राहील.

थेंब्या

*

१० एप्रिल

थेंब्या,

खोटं.

तुझ्या प्रमुखांनी सांगितलं असेल हेही लिहायला. आमच्या अकरा जणींचे हात तुझ्या काचेच्या नळ्यांपेक्षा जुने आहेत. मावशीच्या पेटीला नाव ठेवायला तिच्याच पोटचा पोरगा पुढे येईल, असं वाटलं नव्हतं.

यापुढे आकडे पाठवू नकोस.

*

२४ एप्रिल

थेंब्या,

चौदा दिवस मी तुझं पत्र डब्यात ठेवून डबा फडताळात ठेवला होता. काल बाहेर काढलं. बाटली मात्र मी अकरा तारखेलाच आणली होती. माझ्यातल्या भांडखोर बाईपेक्षा माझ्यातली जिज्ञासू बाई एक दिवसच मागे होती, एवढं तरी माझ्या बाजूनं धर.

काल सकाळी पहिला ट्रे निघाला. मी पान कुस्करलं, बशीत ठेवलं, दोन थेंब टाकले.

फेस आला. साबणाच्या पाण्यासारखा पांढरा, भराभरा, बशीच्या काठापर्यंत. सगळ्या जणी वाकून बघत होत्या. मिरची म्हणाली, "अगं बाई, हे तर जिवंत आहे!" मग मी कच्चं, न वाफवलेलं पान घेतलं. त्यालाही फेस, थोडा जास्त. म्हणजे आपण जे केलं आणि जे केलंच नाही, त्यात फरक काय, तर चमचाभर फेसाचा. मग कढईतलं पान आणलं. थेंब नुसता पडून राहिला. कढईवरच्या बाया काही बोलल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

मग मी मिरचीच्या मनगटावरचं घड्याळ मागितलं.

आमच्याकडे मोजणी कोण सुरू करतं, माहीत आहे? दोन वर्षांपूर्वी कामाला लागलेली गावातली एक सून आहे, आम्ही तिला एक्स्प्रेस म्हणतो. जीभ अशी, की आपण "काय गं" म्हणेपर्यंत तिचं उत्तर देऊन, भांडून, रुसून होतं. ती सुरू करते आणि आम्ही मागे धावतो. काल मी मोजलं नाही, घड्याळ बघत गप्प उभी राहिले.

अठ्ठेचाळीस सेकंद.

एक्स्प्रेस रडायला लागली. मी म्हटलं, "तू कशाला रडतेस? तू एकटी मोजत होतीस का? अकरा तोंडं होती. त्यात सगळ्यात मोठं माझं."

मग आम्ही तिथेच ट्रेच्या पाट्यांवर बसलो आणि आठवू लागलो. मावशीची थाप कधी गेली? सगळ्यात जुनी बाई म्हणाली, "ज्या वर्षी चाळीस ट्रेचे सत्तर झाले, त्या वर्षी." बरोबर. साहेबांनी दिवसाचे ट्रे वाढवले तेव्हा आधी थाप गेली. मग आकड्यांमधला श्वास गेला. मग "एकोणसत्तर" चं "कुणसत्तर" झालं. आकडे सगळे जागेवर होते, एकही गाळला नाही आम्ही! म्हणून तर कळलं नाही. नव्वद म्हणतोय म्हणजे नव्वदच होतंय, या गुर्मीत राहिलो. घड्याळ लागत नाही याचा अभिमान होता ना मला, तो धुतला गेला.

तर हे एक. मी तुला खोटारडा म्हटलं, ते मागे घेते. मी लहानपणीही कधी काही मागे घेतलेलं नाही, म्हणून हे पत्र जपून ठेव.

पण थेंब्या, मान खाली घालून बसायला मला जमत नाही. आमची चूक झाली, आणि ती ज्या घाईत झाली ती घाई आम्ही आणली नव्हती. दोन्ही खरं आहे. दोन्ही मी पत्रकात लिहिणार.

आजपासून आम्ही थाप परत आणली आहे. आकडा, मग ट्रेच्या कडेवर थाप. त्र्याण्णव सेकंद भरले. पान काढलं, थेंब टाकला. थेंब मोत्यासारखा पडून राहिला. एक्स्प्रेसनं बशी डोक्यावर घेऊन नाचायचं तेवढं बाकी ठेवलं.

नव्या पानाचं पाकीट सोबत आहे, लाल दोऱ्याला दोन गाठी; आणि कढईचं ताजं पान, पांढऱ्या दोऱ्याला दोन गाठी. आणि कढईतलं उरलेलं पाणीही बाटलीत भरून पाठवते. दिवसभर तेच पाणी वापरतात, संध्याकाळी मोरीत ओततात. हिरवं गडद. बघ त्यात काय बुडालंय.

आणि हे सगळं वहीत लिहू नकोस. वही मिटते.

ताई

*

१४ मे

ताई,

नवं पान तीन महिने ठेवून बघायला आपल्याकडे वेळ नाही, म्हणून गरम कपाटात दोन आठवडे ठेवून त्याला घाईनं म्हातारं केलं. शेजारी कढईचं ताजं पानही तसंच ठेवलं, म्हणजे तुलना सरळ राहील.

कॅरोटीन: तुमचं चौऱ्याहत्तर, कढईचं बासष्ट. क जीवनसत्त्व: तुमचं एकतीस, कढईचं दोनच. बाटलीतलं पाणी मोजलं. जे पोरांच्या वाटीत जायचं, ते खरंच मोरीत जातंय.

आणखी एक गोष्ट. पाकिटाबरोबर तू वाळायला लागलेला वेळ लिहिला होतास, तो बघितलास का? पूर्ण वाफ दिलेलं पान सव्वापाच तासांत वाळलं. अठ्ठेचाळीस सेकंदांचं साडेसहा तास घेत होतं. वाफेनं पान आतून सैल होतं, पाणी लवकर सोडतं. पेटीवर पाऊण मिनिट वाचवायला तुम्ही वाळवणीच्या कपाटात सव्वा तास घालवत होता. तुमच्या साहेबांना घाईच हवी असेल तर त्यांना सांग, ती सावकाश मोजण्यात आहे.

आता माझं. मी पुरवणी अहवाल लिहिला. डिसेंबरचा सहावा आकडा, तुझी चारही पाकिटं आणि बाटलीतलं पाणी. नमुने माझ्याकडे कसे आले, तू माझी कोण लागतेस, आधीच्या अहवालात मी काय गाळलं, हेही लिहिलं. तुमचे अडतीसही लिहिले, झाकले नाहीत. झाकले असते तर चौऱ्याहत्तरावरही कुणी विश्वास ठेवला नसता. "माझ्या शब्दावर जाऊ नका, रीतसर नमुने स्वतः घेऊन तपासा," असं शेवटी घातलं. खाली फराटा नाही, पूर्ण नाव. एक प्रत प्रमुखांना आणि एक शाळांसाठी खरेदी करणाऱ्या समितीला.

प्रमुखांनी बोलावलं. म्हणाले, "तुम्हाला कुणी विचारलं होतं?" मी म्हटलं, "नाही. म्हणूनच सांगावं लागलं." त्या दिवसापासून मी तपासणीच्या टेबलावर नाही. मागच्या खोलीत बाटल्या धुतो आहे. चौकशी होईल. पुढचं माहीत नाही.

आईला भीत भीत सांगितलं. ती म्हणाली, "मग बाटल्या तरी नीट धू. आणि घाई करू नकोस."

समितीचं उत्तर आलं आहे. एक जूनला, सोमवारी, सकाळी तीन माणसं तुमच्याकडे येणार. पेटीही बघणार आणि कढईही. तपासायचं पान ते स्वतःच्या हातानं उचलणार. त्यांचा निकाल काय लागेल ते मी सांगू शकत नाही. मी आकडे देऊ शकतो, माणसं नाही.

अजून एक. साहेबांना ही तारीख कळली आहे. त्या दिवशी ते ट्रे वाढवून मागतील, असं मला वाटतं.

थेंब्या

*

२७ मे

थेंब्या,

तुला वाटलं तसंच झालं. दारावर नवी सूचना लागली. सोमवारी सत्तर नाही, नव्वद ट्रे. दुपारी दोनला भंगारवाला येणार, समिती येवो न येवो. साहेब मला हसून म्हणाले, "तुमचा लाडका आकडाच दिलाय, ताई." मी म्हटलं, "आकडा तुमचा असेल साहेब, मोजणी आमची आहे." ते म्हणाले, "ट्रे कमी पडले तर लेखी ताकीद मिळेल, अकराही जणींना." मी म्हटलं, "लेखीच द्या. या घरात बाईला वाचायला कागद मिळणं तसं अवघडच आहे."

पण नंतर घरी येऊन खुर्चीवर बसले आणि अकरा जणींचे पगार बोटांवर मोजत राहिले, हे तुला सांगते, बायांना नाही सांगितलं. अकरा घरांच्या चुली माझ्या तोंडावर ठेवून मी बोलते आहे. आणि तिकडे तू बाटल्या धुतोयस. तुझं ते वाक्य, "म्हणूनच सांगावं लागलं," मी भिंतीवर लिहून लावलं आहे. नातेवाईक आहेस म्हणून नाही, वाक्य चांगलं आहे म्हणून.

पत्रक पुरं झालं. आज सुट्टीत वाचलं. तुझे आकडे जसेच्या तसे घातले, अडतीससुद्धा. अडतीस वाचताना कढईवरच्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. इतके दिवस त्यांना वाटत होतं मी त्यांच्याविरुद्ध बोलते आहे. वाचून झाल्यावर त्यांच्यातली एक उठली आणि म्हणाली, "त्या पाण्यानं हात सोलवटतात आमचे. आम्हाला पण मोजायला शिकवा." सोमवारी त्याही पेटीपाशी उभ्या राहणार आहेत. कढई त्या दिवशी कोण पेटवणार, हा साहेबांचा प्रश्न आहे.

मावशीला शेवटचा भाग वाचून दाखव. सावकाश वाच. तिच्याकडून शिकलेलंच आहे, फक्त आवाज माझा आहे.

ताई

*

(पत्रकाचा शेवट)

…तर बायांनो, आपण काय चुकलो ते मी तुमच्यासमोर सांगितलं. आपण एकही आकडा गाळला नाही, पण प्रत्येक आकड्यातला वेळ गाळला. आपल्याला घाई करायला लावली, आणि ती आपण इतकी मुकाट्यानं शिकलो की ती आपल्याला आपलीच वाटायला लागली. पान जागं राहिलं, आपण झोपलो.

आता कागद आपण वाचला आहे. बशीत थेंब आपण टाकून बघितला आहे. पुरती वाफ मिळालेलं पान वाटीत काय घेऊन जातं आणि कढईत बुडालेलं पान मोरीत काय सोडून येतं, हे आपल्याला कुणी सांगायची गरज उरलेली नाही. ज्यानं हे मोजून दिलं, त्याला तपासणीच्या टेबलावरून उठवलं आहे. त्यानं आपल्याला फुकट सहानुभूती दिली नाही, आपली चूकही दाखवली. असा माणूस आपल्या बाजूचा असतो, हे ओळखायला शिका.

रंग बघणारे रंग बघोत. पोरं रंग खात नाहीत.

सोमवारी कुणी घोषणा देऊ नका. कुणाशी भांडू नका. साहेब काय म्हणतील, समिती काय लिहील, भंगारवाला कुठे उभा राहील, याकडे बघू नका. नव्वद ट्रे मागितले आहेत. जितके नीट होतील तितके होतील, एकही जास्त नाही. मागून कुणी "चला, चला" म्हणेल. म्हणू दे. मानेवर श्वास टाकत उभं राहील. राहू दे.

तुम्ही एकच करायचं. पहिला ट्रे आत गेला, झाकण पडलं, की मावशीनं शिकवलं तसं, आकडा आणि मग ट्रेच्या कडेवर थाप, मोठ्यानं, सगळ्यांनी मिळून, नव्वदपर्यंत मोजा.